भारवाहक

चारुता हर्डीकरच्या विभागाला कुलूप लागायला सहा आठवडे उरले होते, तेव्हा कर्नल रणनवरे तिला भेटायला आले. विद्यापीठातला समाजमानसशास्त्राचा विभाग म्हणजे तोवर तीन खोल्या, एक बंद पडलेला पंखा आणि शिष्यवृत्तीविना काम करणारे चार संशोधक विद्यार्थी, एवढंच उरलं होतं. माणसं कशी वागतात हे फोन कंपन्यांना आपोआप कळतं, त्यासाठी वेगळा विभाग पोसण्याचं कारण नाही, असा अभिप्राय वरून आला होता.

कर्नल निवृत्त होते. दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या मनोबल संशोधन मंडळाचे ते सचिव होते, आणि हे मंडळ सैनिकांच्या वर्तनावर संशोधन करणाऱ्यांना सरकारी निधी देत असे. त्यांनी चारुताचा प्रबंध सोबत आणला होता. तिला आश्चर्य वाटलं. दहा वर्षांपूर्वीचा तो प्रबंध परीक्षकांनी तरी पुरता वाचला होता की नाही, याची तिला शंका होती. विषय होता दहीहंडीची गोविंदा पथकं: कुठल्या पथकाचे थर टिकतात, कुठल्या पथकाचे कोसळतात आणि का.

"एकशेबाराव्या पानावरची तळटीप," कर्नल म्हणाले. "तेवढ्यासाठी आलोय मी."

त्या तळटिपेत चारुतानं लिहिलं होतं की सगळ्यात भक्कम थर लावणाऱ्या सहाही पथकांत एक गोष्ट सारखी आढळली. प्रत्येक पथकात एक जण असा होता की बाकीचे सगळे मिळून त्याची टर उडवत. थर कोसळला की दोष त्याचा. वडापाव कमी पडला की त्याला मिळत नसे. ही गोष्ट तिला स्वतःलाच इतकी नकोशी वाटली होती की तिनं ती मुख्य मजकुरात घेतली नव्हती.

तिनं विचारलं की याचा सैन्याशी काय संबंध. कर्नलांनी तिला शांतपणे मागच्या हिवाळ्यातली हकिकत सांगितली. उंच डोंगरांतल्या चौक्यांसाठी उभारलेल्या नव्या उत्तुंग दलाची एक तुकडी हिमस्खलनात सापडली होती. तेरा माणसं. दोर एकच होता. प्रत्येक जण आपापल्या जिवासाठी पळाला आणि नऊ जण गेले. दोर धरून थांबले असते तर बहुधा सगळे वाचले असते. "तुमची तळटीप खरी असेल," कर्नल म्हणाले, "तर पुढच्या वेळी असे नऊ जण घरी जातील."

चारुतानं त्या आठवड्यात करारावर सही केली. पंखा दुरुस्त झाला. चारांचे चौदा विद्यार्थी झाले.

पहिलं वर्ष मोजण्यात गेलं. दलाच्या प्रत्येक जवानाच्या कॉलरला नाण्याएवढा बिल्ला लावला. बिल्ला शब्द टिपत नसे. कोण कुणाच्या किती जवळ उभा राहतो, कोण बोलत असताना कोण मध्येच तोंड घालतो, चालताना कुणाची पावलं कुणाच्या पावलांशी जुळतात, धोक्याच्या वेळी कुणाच्या नाडीचे ठोके एकत्र वाढतात, एवढंच तो टिपत असे. या सगळ्याचा मिळून एक आकडा निघे. त्याला विद्यार्थ्यांनी 'एकजीव अंक' असं नाव दिलं. एकत्र कवायत, एकत्र जेवण, एकाच रंगाचा गणवेश यांनी हा अंक साठीपर्यंत जाई आणि तिथं अडकून बसे. ज्या थोड्या तुकड्या ऐंशीच्या वर गेल्या होत्या, त्या प्रत्येकीत एक जण वाळीत पडलेला होता. तळटीप खरी होती.

कारणही हळूहळू उलगडलं. चांगुलपणानं माणसं जवळ येतात, पण चांगुलपणाचं ओझं कुणावर नसतं, त्यामुळे सोडून जाणंही सोपं असतं. बारा जणांनी मिळून एकाचा छळ केला आणि कुणीच तो थांबवला नाही, की मग प्रत्येकाला बाकीच्या अकरांचं एक गुपित कळलेलं असतं. आपण काय केलं हे फक्त त्या अकरांना ठाऊक आहे, आणि त्यांच्याजवळच आपल्याला मान खाली घालावी लागत नाही. अशी माणसं एकमेकांना सोडत नाहीत. त्यांना जाण्यासारखी दुसरी जागा राहत नाही.

दुसऱ्या वर्षी मोजण्यावरून घडवण्यावर गाडी आली. बिल्ल्यांची माहिती वाचणारं संगणकी यंत्र प्रत्येक तुकडीतून एक माणूस निवडू लागलं. कामात इतका चांगला की त्याला काढून टाकता येऊ नये, तक्रार न करणारा, आणि बाहेरच्या जगात त्याची विचारपूस करणारं फारसं कुणी नसलेला. अहवालात त्याला 'भारवाहक' म्हणत. पुढचं काम यंत्रानं आखलेलं वेळापत्रक करत असे. भारवाहकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या तुकडीला मिळे. त्याच्या चांगल्या कामाची नोंद दुसऱ्याच्या नावावर पडे. त्याची खाट दाराजवळ येई, त्याची रजा लांबणीवर पडे. घरून येणारे फोन कधी लागत, बहुतेक वेळा लागत नसत. शिकवणाऱ्या उस्तादांनाही हे ठाऊक नसे. कुणीही कुणाला काही करायला सांगत नव्हतं. बाकीचं बारा जण आपणहून करत.

बिल्ल्याला बाहेरची नाती दिसत नसत, म्हणून गृहभेटी कराव्या लागत. सातव्या तुकडीतल्या गोवर्धन मारबतेच्या घरी चारुता स्वतः गेली. भंडाऱ्यापासून दीड तासावर, मोठ्या तलावाच्या काठी भिवरटोला नावाचं गाव होतं. गोवर्धनची मोठी बहीण पुष्पकला घरी एकटीच होती. चौतिशीतली बाई, बोटं शिंगाड्यांच्या काट्यांनी टोचून टोचून खडबडीत झालेली. आईवडील एकाच वर्षी तापानं गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि गोवर्धन सहा. आलेली दोन स्थळं तिनं परत पाठवली होती, कारण दोन्हीकडे पोराला सोबत आणायचं नाही अशी अट होती.

चारुतानं सांगितलं की ही पाहणी जवानांच्या कल्याणासाठी आहे. मग प्रश्नावली काढली. गोवर्धन आजारी पडला तर कोण जाईल? मी, पुष्पकला म्हणाली. त्याचं कुणाशी पटलं नाही तर तो कुणाला सांगेल? मले. तीही नसेल तर? यावर ती म्हणाली की मग तलाव आहे. चौथ्या वर्षापासून तो पाण्यात होता. जाळं अडकलं की गावातले म्हातारे ढिवरसुद्धा त्यालाच हाक मारत.

निघताना तिनं चारुताला उकडलेले शिंगाडे बांधून दिले आणि पहिल्यांदाच स्वतःहून एक प्रश्न विचारला.

"तिकडं त्याले संगी भेटतीन ना, मॅडम? तो आपणहून बोलत नाही जी कोणाशी."

"भेटतील," चारुता म्हणाली. "बारा जण आहेत त्याच्या तुकडीत."

गाडीत बसल्यावर तिनं नोंद केली: बाहेरचे धागे, एक. संध्याकाळी यंत्रानं अकरा तुकड्यांची अकरा नावं पाठवली. निवड यंत्र करत असलं तरी खाली माणसाची सही लागत असे. चारुतानं अकरा सह्या केल्या. गोवर्धनचं नाव सातवं होतं. तिथं तिचा हात किंचित थांबला, पण सहाव्या आणि आठव्या नावालाही कुणीतरी बहीण असेलच, असं तिनं मनाशी म्हटलं.

उत्तुंग दलाचं प्रशिक्षण केंद्र सह्याद्रीतल्या एका जलाशयाकाठी होतं. चारुता महिन्यातून दोनदा तिथं जात असे आणि एरवी पुण्यात बसून पडद्यावर आकडे पाहत असे. सातव्या तुकडीचा अंक अठ्ठावन्नवरून सहासष्टवर गेला, मग एकोणऐंशीवर. चारुताच्या सगळ्या तुकड्यांत ती पुढे होती. केंद्रावर गेली की तिला या चढत्या रेषेमागची माणसं दिसत. तुकडी गोवर्धनला नावानं हाक मारत नसे. त्याला 'पनवती' म्हणत. त्याच्या एका बुटाचा बंद रोज सकाळी नाहीसा असे. कूच करताना दोन जास्तीच्या पिशव्या त्याच्या पाठीवर चढत, आणि त्या कुणी चढवल्या हे कधीच ठरत नसे. जेवताना तो बसला की बाकीच्यांची बाकं थोडी सरकत. बारा जण एका लयीत सरकत, कवायत केल्यासारखे. तो मान खाली घालून जेवत असे आणि जेवण झाल्यावर सगळ्यांची ताटं घासत असे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपण होऊन सुरू केलं होतं, बहुधा त्यामुळे तरी कुणी बोलेल म्हणून.

त्याच सुमारास एका रविवारी चारुताची अकरा वर्षांची मुलगी मिहिका नाश्ता करताना सांगत होती की आमच्या वर्गात आता सगळ्यांची खूप छान मैत्री झाली आहे. आधी तीन गट होते, आता एकच आहे. चारुतानं विचारलं, सगळ्यांची म्हणजे कुणीच बाहेर नाही? मिहिकानं पोहे चिवडत सांगितलं की एक मुलगी आहे, तिच्याशी कुणी बोलत नाही, तिच्या डब्याला वास येतो. मिहिकाचा बाबा तिला रागावला. त्यानं तिला उद्याच त्या मुलीजवळ जाऊन बसायला सांगितलं. पहिल्या क्षणी चारुताला जे वाटलं होतं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. तिला हायसं वाटलं होतं, की बाहेर आहे ती आपली मुलगी नाही.

प्रयोगाला मर्यादा घातलेल्या होत्या, आणि त्या चारुतानंच लिहिल्या होत्या. बिल्ल्यावरून भारवाहकाचा ताणही मोजला जाई. झोप किती, भूक किती, नाडी किती, दिवसातून किती शब्द बोलला. ताणाचा अंक सत्तरवर गेला की त्याला त्या जागेवरून काढायचं, वेळापत्रक पूर्ववत करायचं आणि त्याची दुसऱ्या तुकडीत बदली करायची. सातव्या आठवड्यात गोवर्धनचा अंक अडुसष्टवर आला आणि चार दिवस तिथंच राहिला. दिवसाला तो अकरा शब्द बोलत होता. त्यांपैकी आठ "जी साहेब" यातले होते.

सत्तरच्या आधीही त्याला काढता आलं असतं. प्रमुख संशोधक म्हणून तो अधिकार तिला होता. पण दहा दिवसांनी मंडळाची समिती येणार होती. पुढच्या पाच वर्षांचा निधी ते जे पाहतील त्यावर ठरणार होता, आणि कर्नलांनी समितीला दाखवायला सातवी तुकडीच निवडली होती. भारवाहक काढला की अंक आठवड्याभरात पंधरा-वीसनं घसरतो, हे इतर तुकड्यांत दिसलं होतं. चारुतानं विद्यार्थ्यांना विचारलं. एक मुलगी म्हणाली की त्याला काढायला हवं. बाकीचे पडद्याकडे पाहत राहिले. मग त्या मुलीकडे कुणी पाहीनासं झालं, आणि चारुताला ते लक्षात आलं, तरी ती काही बोलली नाही.

त्याच दुपारी पुष्पकलाचा फोन आला. गृहभेटीत दिलेला नंबर तिनं जपून ठेवला होता. ती म्हणाली की गोवर्धनचा फोन तीन आठवड्यांत एकदाच लागला, तोही अर्धा मिनिट. बरा आहे म्हणाला. पण त्याचा आवाज तिला बरा वाटला नाही. त्यानं विचारलं होतं, तलावात पाणी किती आहे. भर पावसाळ्यात त्यानं हे विचारलं होतं.

"मी येऊ का जी तिकडं? एक दिवस. लांबून पाहीन आन् परत येईन."

चारुतासमोर पडदा उघडा होता. एक भेट झाली असती तर त्याचा ताण दहानं उतरला असता. मग तो नीट बोलला असता, कदाचित कुणाला उलटून बोलला असता, आणि सात आठवड्यांची रेष मोडली असती.

"शपथविधी होईपर्यंत भेटीला परवानगी नसते," ती म्हणाली. असा काही नियम नव्हता. "महिनाभरच राहिलाय. तो छान करतोय, खरंच. त्याच्या तुकडीचा नंबर पहिला आहे."

पुष्पकलाला फार आनंद झाला. तिनं ते दोनदा म्हणून घेतलं, पहिला नंबर.

समिती यायच्या तीन दिवस आधी, सकाळी सातला, सातवी तुकडी तराफ्यावरून जलाशय ओलांडत होती. पाऊस थांबलेला होता, पण वारा होता. मधोमध प्रथमेश ढवळे नावाचा सोलापूरकडचा जवान तोल जाऊन पाण्यात पडला. पाठीवर सामान होतं, तो बुडू लागला. गोवर्धननं उडी टाकली. त्याच्या स्वतःच्या पाठीवर तीन पिशव्या होत्या. त्या उतरवायला वेळ लागला असता, म्हणून तो तसाच गेला. त्यानं ढवळेला धरलं, तराफ्यापर्यंत ढकलत आणलं, आणि वरच्यांनी ढवळेला ओढून घेतलं. मग गोवर्धननं तराफ्याच्या कडेला हात लावला.

पुढचं बिल्ल्यांनी टिपलं होतं. चारुतानं ते त्या दिवशी दुपारी पाहिलं आणि नंतर कितीतरी वेळा पाहिलं. बारा जण तराफ्यावर होते. सगळ्यात जवळचा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. तेवीस सेकंद तो कड धरून होता. तेवीस सेकंदांत बारांपैकी एकही बिल्ला त्याच्या दिशेनं हलला नाही. बारांच्या नाडीचे ठोके आधी वेगवेगळे होते, मग जुळत गेले, आणि शेवटच्या सात सेकंदांत ते एकाच माणसाचे असावेत इतके सारखे झाले. मग गोवर्धनचा बिल्ला खाली जाऊ लागला.

कर्नलांनी फोनवर खेद व्यक्त केला. ताण सत्तरच्या आत होता ना, एवढं त्यांनी विचारलं. अडुसष्ट होता, ती म्हणाली. म्हणजे आपल्याकडून काही चुकलेलं नाही, कर्नल म्हणाले. मग त्यांनी तुकडीचा आजचा अंक विचारला.

तिनं पाहिलं होतं. चौऱ्याण्णव. इतका अंक कधीच कुठंच मिळाला नव्हता.

समिती ठरलेल्या दिवशी आली. सातव्या तुकडीला एका उभ्या कड्यावर दोरानं चढताना त्यांनी पाहिलं. बारा जण एका शब्दाविना चढले. एकाचा पाय घसरला तेव्हा अकरा हात एकदम पुढे आले. समितीतल्या एका वृद्ध प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले की आपल्या सोबत्याला गमावल्यावर ही मुलं किती जवळ आली आहेत, बघा. निधी पाच वर्षांसाठी मंजूर झाला, आणि मूळ मागणीपेक्षा जास्त.

पुष्पकला गोवर्धनची ट्रंक न्यायला आली. गणवेशातल्या दोन माणसांनी गावी जाऊन तिला बातमी दिली होती, आणि अंत्यसंस्कार गावातच झाले होते. केंद्रानं तिच्यासाठी छोटा समारंभ ठेवला. चारुता टाळू शकली असती, पण गेली. ती पुष्पकलाशेजारी उभी राहिली.

"पाण्यानं नाही मेला तो," पुष्पकला हळू म्हणाली. ती रडत नव्हती. "इथली माणसं सांगतात बुडाला. दोन माणसं पाठीवर घेऊन तलाव पार करणारा पोरगा होता तो. त्याले कायनं तरी थकवलं व्हतं. तुमाले माहीत असन, मॅडम. तुमी तर सगळं मोजता."

चारुता म्हणाली की वारा फार होता.

बारा जण ओळीनं उभे होते. पुष्पकला प्रत्येकासमोर गेली. प्रत्येकाला त्याचं नाव विचारलं आणि गोवर्धन कसा होता ते विचारलं. बाराही जणांनी एकच उत्तर दिलं, चांगला होता. तिनं प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. ढवळेसमोर ती बराच वेळ थांबली, कारण हाच तो, ज्याला गोवर्धननं वाचवलं, हे तिला सांगण्यात आलं होतं. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू जग बापा. त्याच्या वाटचं बी जग." चारुतानं पाहिलं की ढवळेचे ओठ हलले, पण त्याच वेळी शेजारच्या दोघांचे खांदे त्याच्या खांद्यांना येऊन लागले आणि तो बोलला नाही.

दोन महिन्यांनी सातव्या तुकडीचा अंक उतरू लागला. नव्वद, सत्त्याऐंशी, एक्क्याऐंशी. अपराधाची ओलसुद्धा सुकते, असं चारुतानं अहवालात लिहिलं आणि मग ते वाक्य शास्त्रीय नाही म्हणून खोडलं. तुकडी पुढच्या महिन्यात चौकीवर जाणार होती. कर्नलांचं म्हणणं होतं की यंत्राला नवा भारवाहक निवडू द्यावा.

त्या मंगळवारी ढवळे पुण्याला वैद्यकीय तपासणीसाठी आला होता. तिथून तो विचारत विचारत विद्यापीठात पोचला. त्याला प्रयोगाबद्दल काहीच माहीत नव्हतं. ही बाई जवानांच्या कल्याणाचं काम बघते, एवढंच तो जाणून होता. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं सगळं सांगितलं. त्यानं हात पुढे केला नव्हता. पाण्यातून वर आल्यावर तो तराफ्यावर पालथा पडला होता, गोवर्धनची बोटं त्याच्या तोंडासमोर होती. त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. कुणीच हललं नाही, म्हणून तोही हलला नाही.

"मला त्याच्या ताईला सांगायचंय," तो म्हणाला. "तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, मॅडम. मला झोप येत नाही. बाकीच्यांना सांगितलं तर ते म्हणतात, आता काय उपयोग. पण मी तिला फोन केला होता. मी रविवारी येतो म्हणालोय. मला फक्त दोन दिवसांची रजा हवीय."

चारुतानं त्याला पाणी दिलं. तिनं खिडकी लावून घेतली, कारण बाहेर गवत कापायचं यंत्र चालू होतं. ती म्हणाली की रजेचं मी बघते, तोवर कुणाशी बोलू नकोस. त्यानं हात जोडले. जाताना तो जरा ताठ चालत होता.

ती खरोखरच रजेचं बघणार होती. बुधवारी तिनं केंद्राला पत्र लिहायला घेतलं. ढवळे जाईल, सांगेल. पुष्पकला विचारेल की त्याला कुणी थकवलं, पिशव्या कुणी चढवल्या, फोन का लागत नव्हते. मग ती हे सगळं आणखी कुणाला तरी विचारेल. पत्र अर्ध्यावर राहिलं. गुरुवारी यंत्राकडून नव्या भारवाहकाचं नाव आलं, आणि ते ढवळेचं होतं. खाली कारणं दिली होती: आठ दिवसांपासून तुकडीपासून दोन पावलं लांब उभा राहतो, बोलताना बाकीचे त्याला तोडतात, कामात उत्तम, तक्रारीची नोंद नाही. यंत्राला तो काय सांगू पाहतो हे ठाऊक नव्हतं. बारांतला एक सुटत चालला आहे एवढंच त्याला दिसत होतं.

चारुता ते नाव परत पाठवू शकली असती. यंत्रानं दुसरं दिलं असतं. तिनं शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी सही केली. पुढची कामं वेळापत्रकानं केली. ढवळेची रजा लांबणीवर पडली, खाट दाराजवळ गेली. त्याला बाहेरचे धागे तीन होते: आई, ठरलेली मुलगी, आणि गेल्या आठवड्यात जोडला गेलेला भंडाऱ्याकडचा एक नंबर. पहिले दोन यंत्रानं आपोआप रोखले. तिसऱ्या नंबरचं नातं कळेना, म्हणून त्यानं विचारणा केली. चारुतानं 'रोखा' असं लिहिलं.

शनिवारी पुष्पकलानं फोन केला. ढवळेचा फोन लागत नाही म्हणून तिनं चारुतालाच केला होता. तो उद्या यायचा होता, बस कोणती सांगायला विसरला होता.

"त्याची रजा रद्द झाली," चारुता म्हणाली.

"काही चुकलं का जी त्याचं?"

"नाही. त्यांची तुकडी लवकर चौकीवर चाललीय."

पुष्पकलानं सांगितलं की त्याला काहीतरी तोंडातोंडी सांगायचं होतं, फोनवर तो रडला होता. तिला वाटतं की पोराला आपण वाचल्याचीच लाज वाटत असावी. "त्याले सांगजा, मी काही मनात धरलं नाही म्हणून. सांगसान ना?"

चारुता म्हणाली, सांगते.

रविवारी पुष्पकलानं तरीही तलावातून मासळी आणून कालवण केलं. रजा ऐन वेळी मिळतेही, असं शेजारणीचं म्हणणं होतं. अकराच्या बसला ती फाट्यावर जाऊन उभी राहिली, मग दोनच्या, मग साडेचारच्या. साडेचारच्या बसमधून गणवेशातला एक मुलगा उतरला. ती चार पावलं पुढे गेली. तो पलीकडच्या गावचा, पोलिसातला होता. त्यानं तिला विचारलं, मावशी, कोणाची वाट पाहून राहिल्या? तिनं सांगितलं, माझ्या भावाचा संगी येणार होता.